सायकलवरून डासनियंत्रणाची फेरी: सामान कसं निवडायचं, कसं लादायचं

पाठीवर १६ लिटरचा फवारणी पंप, हँडलच्या एका बाजूला औषधाची पिशवी, दुसऱ्या बाजूला जेवणाचा डबा आणि नोंदवही शर्टात खुपसलेली. हिवताप विभागातले आम्ही कितीतरी जण वर्षानुवर्षं असेच सायकलवरून निघायचो. भरलेला पंप २१-२२ किलोच्या घरात जातो. खड्डा चुकवायला हँडल वळवलं की आतलं पाणी आधी हेलकावतं आणि मागोमाग आपण. पट्ट्याने खांदा सोलवटतो, पंप गळका असेल तर पाठ ओली होते. ते पाणी नुसतं पाणी नसतं, हे कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

म्हणून माझा पहिला नियम: सायकल चालवताना पाठीवर काही नको आणि औषध अंगाला लागून तर अजिबात नको. ओझं सायकलीने वाहायचं, माणसाने नाही. बाकी सगळं यातूनच निघतं.

हा लेख ब्रीडिंग चेकर (घरोघरी डासांच्या अळ्या शोधणारे), फवारणी कर्मचारी आणि त्यांना साहित्य वाटणारे मुकादम यांच्यासाठी आहे. खरेदी करणाऱ्या साहेबांनीही वाचायला हरकत नाही, कारण बॅग ठरवणारा माणूस त्या बॅगेसह कधी सायकलवर बसलेला नसतो.

आधी फेरी बघा, मग पिशवी

‘डासांचं काम’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात तीन वेगळी कामं आहेत आणि तिघांची ओझी वेगळी.

पहिलं घरोघरच्या तपासणीचं. पिंप, हौद, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे टायर. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचा अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास आपल्याकडच्या हवेत आठवडा-दहा दिवसांत पुरा होतो, म्हणून फेरी दर आठवड्याला त्याच घरी पोचायला हवी. या कामाचं सामान हलकं, पण बारीकसारीक आणि सतत लागणारं. सायकल सर्वांत शोभते ती इथे. गल्लीत शिरते, जिन्याखाली उभी राहते, दर शंभर पावलांवर थांबायला कुरकुरत नाही.

दुसरं गटारात आणि साचलेल्या पाण्यात अळीनाशक फवारण्याचं. इथे पंप आला. तरी हे काम सायकलवर होतं. कसं, ते पुढे सांगतो.

तिसरं धूरफवारणीचं. ते सायकलवर करू नका. यंत्राची नळी तापते, सोबत पेट्रोल आणि डिझेलमध्ये कालवलेलं औषध असतं. असं यंत्र कॅरिअरला बांधून नेणं म्हणजे स्टोव्ह पेटता ठेवून घर बदलणं. त्यासाठी गाडी मागा, मिळेपर्यंत मागत राहा.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात सायकलस्वार रस्त्याकडेच्या पावसाळी गटारांच्या जाळीतून अळीनाशक टाकतात आणि काम झालं की तिथे रंगाचा ठिपका देतात. त्यांचं औषध लहान पुडीत मावतं, त्यामुळे एका बॅगेवर भागतं. आपल्याला पिंपात डोकवायचं असतं, आजींना समजवायचं असतं, वहीत लिहायचं असतं. त्यांची बॅग जशीच्या तशी आपल्याला चालायची नाही. ठिपक्याची कल्पना मात्र चांगली आहे. आपण दारावर खडूने तारीख लिहितो, तसंच ते.

तराजू

दिवसभराचं सगळं साहित्य जमिनीवर मांडा आणि ओळखीच्या किराणा दुकानात नेऊन खरोखर वजन करा. अंदाज नको. माझी तपासणीची यादी अशी: दांडीचा डिपर (अळ्या बघायला पाणी काढायची पळी), पांढरी प्लास्टिकची वाटी, अळ्या उचलायला ड्रॉपर, झाकणाच्या दोन लहान बाटल्या, टॉर्च, हातभर लांबीचा काथ्याचा ब्रश, लहान आरसा, खडू, नोंदवही, हातमोजे, साबण, पिण्याचं पाणी आणि डबा. सगळं मिळून चार किलोंच्या आत बसतं. त्यात सर्वांत जड निघालं पिण्याचं पाणी.

आरसा कशाला, असं नवीन मुलं विचारतात. भर दुपारी अंधाऱ्या मोरीतल्या पिंपात टॉर्चपेक्षा आरशातून फेकलेलं ऊन जास्त आतवर दाखवतं. आणि ब्रश कोणी काढून टाकू नये. एडिसची अंडी पिंपाच्या आतल्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून पिंप पुन्हा भरला की आठवड्याने तुम्ही पुन्हा त्याच दारात. घासलं तर खरं.

फवारणीच्या दिवशी मात्र वजनाचं गणित वेगळंच आहे, आणि ते बहुतेकांनी कधी मांडलेलंच नसतं. अळीनाशक घ्या, टेमिफॉस ५० टक्के ईसी (पाण्यात कालवायचं द्रव औषध), म्हणजे आपलं ‘अबेट’. सांडपाण्यासाठी ते १० लिटर पाण्यात अडीच मिलिलिटर घालतात आणि गटाराच्या लांबीला मीटरमागे २० मिलिलिटर द्रावण फवारतात. १० लिटरमध्ये ५०० मीटर गटार झालं. म्हणजे दोन किलोमीटर गटाराला औषध लागतं १० मिलिलिटर, दोन चमचे! बाकीचं सगळं पाणी. ते पाणी कार्यालयाच्या नळावर भरून चार किलोमीटर वाहून न्यायचं कशाला? पंप रिकामा न्या, पाणी जागेवर भरा आणि पंप अर्धाच भरा. सोसायटीचा वॉचमन, बांधकामाचा नळ, सार्वजनिक हापसा, कुठेतरी पाणी मिळतंच. फेरीच्या नकाशावर पाण्याच्या जागांना खूण करून ठेवा. इतकं केलं की २२ किलोंचं ओझं सहा-सातवर येतं.

अळीनाशक तेल, म्हणजे एमएलओ, याला अपवाद आहे. ते पाण्यात न मिसळता टाकतात, ५० चौरस मीटरला एक लिटर. २५० चौरस मीटरचं डबकं असेल तर पाच लिटरचा कॅन न्यावाच लागतो. त्या दिवशी दुसरं काही लादू नका. डबकी एका वारी, गटारं दुसऱ्या वारी, अशी वाटणी मुकादमाकडून करून घ्या. एकाच दिवशी सगळं नेणारा कर्मचारी मेहनती दिसतो खरा, पण दुपारनंतर त्याच्या नोंदी बघा.

कॅरिअर आणि स्टँड

नवी गिअरची सायकल दिसते छान, पण तिला धड कॅरिअर नसतो. २८ इंची चाकाची जुनी काळी सायकल असेल तर सोडू नका. तिची चौकट लांब असते, मागचा कॅरिअर चाकाच्या आसापासून वर येणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवर उभा असतो आणि दोन पायांचा स्टँड असतो. हे तिन्ही आपल्याला हवं आहे.

कॅरिअर तपासायची सोपी रीत: सायकल स्टँडवर लावा, कॅरिअरचं मागचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. सायकलसकट हलला तर ठीक. कॅरिअर एकटाच हलला तर नट घट्ट करा, तरीही हलला तर वेल्डिंगवाल्याकडे जा. फक्त सीटखालच्या एका नळीला चिमटा लावून बसवलेले कॅरिअर मिळतात. ते डब्यापुरते ठीक, पंपासाठी नाहीत.

एकाच पायाचा स्टँड लादलेल्या सायकलीला उपयोगाचा नाही. डांबर उन्हाने मऊ झालं की तो रुततो आणि सायकल सावकाश आडवी होते. आत औषध असताना ते बघणं फार वाईट.

मागच्या चाकात हवा नेहमीपेक्षा कडक ठेवा, ब्रेकचे रबर महिन्यातून एकदा बघा. लादलेली सायकल थांबायला जास्त रस्ता घेते, हे उतारावरच कळतं.

दूधवाल्याकडून शिका

सायकलवर जड, सांडणारं सामान न्यायची कला आपल्याकडे कधीचीच आहे. दूधवाला कॅन कॅरिअरच्या वर ठेवत नाही, बाजूंना लोखंडी आकड्यांवर लटकवतो. वजन चाकाच्या आसाजवळ येतं, सायकल डोलत नाही, दूध हिंदकळत नाही. मुंबईचा डबेवालाही डबे सायकलच्या अंगाला चहूबाजूंनी टांगतो. महागड्या बाजूच्या बॅगा विकत घ्यायच्या आधी या दोघांची सायकल नीट बघा.

आमच्याकडे शेवटी टिकली ती बादल्यांची पद्धत. भिंतीच्या रंगाच्या १० लिटरच्या रिकाम्या प्लास्टिक बादल्या येतात, घट्ट झाकणाच्या. रंगाऱ्याकडे मागितल्या तर फुकटसुद्धा मिळतात. बादलीच्या पाठीला लोखंडी पट्टी आणि दोन आकडे नटबोल्टने बसवायचे. नटाखाली आतून रबरी वायसर घाला, नाहीतर तिथून पाणी शिरतं. आकडे कॅरिअरच्या दांडीवर अडकवायचे आणि खालून जुन्या ट्यूबची पट्टी ओढून चौकटीला बांधायची. ट्यूबच्या पट्ट्या पंक्चरवाला देतो. बाजारात लवचिक दोऱ्या मिळतात त्यांच्या टोकाला लोखंडी आकडा असतो. तो सुटला तर थेट डोळ्यावर येतो. ट्यूबला गाठ असते, ती फार तर सैल होईल.

बादलीत पाऊस शिरत नाही, आत काही सांडलं तर बाहेर येत नाही, संध्याकाळी नळाखाली धुता येते आणि चोरावीशी कोणाला वाटत नाही. कॅनव्हासची बॅग दिसायला बरी असते. पण तिच्यात एकदा औषध मुरलं की ते निघत नाही, ती फेकावीच लागते. कापडी पिशवीचं तर नावच नको. माझ्या पहिल्या वर्षी औषधाची बाटली आणि भाकरी एकाच पिशवीत होती. बूच सैल होतं. दुपारी फडकं सोडलं तर वास आला. भाकरी टाकून दिली. पण त्याआधी कितीदा तशीच खाल्ली असेल, हा विचार अजून जात नाही. कीटकनाशकं अन्नधान्याच्या थेट संपर्कात येतील अशी नेऊ वा ठेवू नयेत, हे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही आहे. ते आम्हाला कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

तर उजवी बादली औषधाची, डावी तपासणीच्या साहित्याची. कायमची. उजवीवर लाल रंगाचा जाड पट्टा ओढा, डावीवर निळा. डबेवाले रंग आणि खुणांवरच डबा ओळखतात, तसं. उद्या तुमच्या जागी दुसरा कर्मचारी सायकल घेऊन गेला तरी त्याचा घोटाळा होता कामा नये.

बादली बसवल्यावर पायडल मारून बघा. टाच बादलीला लागत असेल तर आकडे दोन-तीन इंच मागे सरकवा. सुरुवातीला ही एवढीशी गोष्ट वाटते. संध्याकाळपर्यंत टाच सुजते.

लाल बादलीच्या आत

औषध नेहमी कंपनीच्या मूळ, लेबल असलेल्या बाटलीत. थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून घेऊ नका, ‘आजच्या दिवस’ म्हणूनही नको. उन्हात तहानलेला सहकारी किंवा एखादं पोर ती उचलतंच. कार्यालयात पाच लिटरचा कॅन येत असेल तर लहान बाटल्यांवर नाव, प्रमाण आणि विषाची खूण लावून द्यायची जबाबदारी भांडार सांभाळणाऱ्याची आहे. तुम्ही फक्त लेबल नसलेली बाटली घ्यायला नकार द्या.

बाटली बादलीत मोकळी नको. आत झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात बाटली उभी, भोवती वर्तमानपत्राचे बोळे. दोन झाकणं आणि एक बादली, एवढे अडथळे पार केल्याशिवाय थेंबही बाहेर यायला नको. सोबत मोजायला सुई काढलेली सिरिंज. अंदाजे धार सोडणं ही आपल्या खात्याची जुनी खोड आहे. साठवलेल्या पाण्यात टेमिफॉसची कमाल मर्यादा लिटरमागे एक मिलिग्रॅम. ५० टक्के ईसीचा एक मिलिलिटर म्हणजे ५०० मिलिग्रॅम टेमिफॉस, म्हणजेच ५०० लिटरच्या टाकीला एक मिलिलिटर झाला. २०० लिटरच्या पिंपाला अर्धासुद्धा नाही! डोळ्याने हे मोजता येत नाही. एक टक्का दाणेदार औषध मिळत असेल तर सायकलवर तेच सोयीचं: १०० लिटरला १० ग्रॅम, सांडत नाही, आणि १०-१० ग्रॅमच्या पुड्या आदल्या दिवशीच बांधता येतात. पिण्याच्या पाण्यात काय आणि किती टाकायचं, याचा लेखी आदेश मात्र खात्याकडूनच घ्या.

बादलीत आणखी दोन गोष्टी ठेवा. जाड पिशवीत किलोभर कोरडी वाळू, सांडलं तर वर टाकायला. आणि रिकामी पिशवी, ती वाळू भरून परत आणायला. बादलीला छोटं कुलूप लावा. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर असता तेव्हा खाली सायकलभोवती शाळा सुटलेली मुलं असतात.

पंप कॅरिअरवर उभा नाही, आडवा बांधायचा, तोही पूर्ण रिकामा करून. नळी आणि दांडी गुंडाळून पंपालाच बांधा. लोंबती नळी आऱ्यांत गेली तर आधी चाक जातं, मग दात.

अंगावर काय

कमरेला किंवा आडव्या पट्ट्याने एक लहान पाऊच पुरतो. त्यात ओळखपत्र, मोबाइल, खडू, पेन. बस. ओळखपत्र गळ्यात घातलं तर पिंपात वाकताना ते पाण्यात बुडतं, म्हणून पाऊचच्या दर्शनी खिशात.

वर जिन्याने जाताना निळी बादली काढून हातात घ्यायची. तिचं हँडल शाबूत ठेवा, म्हणून पट्टी बसवताना हँडलच्या कानांना हात लावू नका. वर घरात औषध घालायचं असेल तर त्या घरापुरता झाकणाचा डबा लाल बादलीतून काढून दुसऱ्या हातात. निळ्या बादलीत टाकायचा नाही, एका जिन्यापुरताही.

हातमोजे नायट्रिलचे, कापडी किंवा चामड्याचे नकोत. ते औषध पितात आणि दिवसभर हाताला पाजत राहतात. गमबूट घालून पायडल मारता येत नाही. ते उलटे करून पंपाच्या दोन बाजूंना बांधा, गटारापाशी घाला.

बिनदांड्याच्या लेडीज सायकलवर फेरी करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मागच्या चाकाची जाळी काढू नका. बादली बसवायला अडचण होते म्हणून दुकानदार ती काढायला सांगतो, पण साडी किंवा ओढणी चाकात जाण्यापेक्षा आकडे दोन इंच लांब केलेले बरे. आणि पुढच्या टोपलीत वही, डबा, पाणी एवढंच. पुढे जड ठेवलं की हँडल आपलं ऐकत नाही. औषध टोपलीत कधीच नको, ते नाकासमोर येतं.

जेवणाचा डबा पुढे, औषध मागे. मध्ये तुम्ही. यापेक्षा चांगली वाटणी मला सापडलेली नाही. पुढे टोपली नसेल तर डब्याची स्वतंत्र पिशवी चौकटीच्या आडव्या दांड्याला बांधा.

पावसाळा

सगळं काम याच दिवसांत असतं. जून हिवताप प्रतिरोध महिना, जुलै डेंग्यूचा, आणि नेमका तेव्हाच सगळा कागद भिजतो. शाईच्या पेनने लिहिलेली वही एकदा भिजली की चाळीस घरांच्या नोंदी निळं पाणी होऊन जातात. शिसपेन्सिल वापरा, ती पाण्याने पुसली जात नाही. वहीला पारदर्शक जाड प्लास्टिकची पिशवी, आणि मोठी वही कार्यालयात ठेवून रोज फक्त त्या दिवसाचे कागद पॅडवर. पॅडला झाकण असेल तर उत्तम.

रेनकोट दोन तुकड्यांचा. घोंगडीसारखा घेर असलेला रेनकोट चाकात आणि चेनमध्ये अडकतो, शिवाय मागचा दिवा झाकतो. उजव्या पायाच्या घोट्याला रबर लावा. बादल्यांच्या मागच्या बाजूला लाल परावर्तक चिकटवा, कारण लादलेल्या सायकलीचा कॅरिअरवरचा जुना परावर्तक पंपामागे लपतो.

गप्पी मासे

डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे हौदात सोडायला न्यायच्या दिवशी लाल बादली मागे ठेवा. त्या दिवशी औषध नाही. माशांसाठी वेगळी, कधीही औषध न लागलेली बादली, अर्धीच भरलेली, झाकणाला भोकं. पूर्ण भरली तर हवेला जागा उरत नाही आणि पाणी हिंदकळून उडतं. ज्या हौदातून मासे घेतले त्याचंच पाणी. उन्हाआधी, सकाळी लवकर. वर ओलं गोणपाट टाकलं तर आणखी बरं. नळाचं क्लोरीनचं पाणी थेट ओतून आम्ही एकदा बादलीभर मासे मारले आहेत, तेही उद्घाटनाच्या दिवशी.

लादणं, उतरवणं आणि संध्याकाळ

आधी स्टँड, मग पंप, मग दोन्ही बादल्या. उतरवताना उलट क्रम, आणि एक बादली काढली की दुसरी फार जड नाही ना, ते बघूनच हात सोडा. दोन्ही बाजूंच्या वजनात किलोभरापेक्षा जास्त फरक असेल तर पिण्याच्या पाण्याची दुसरी बाटली हलक्या बाजूला जाते. बाटलीचं बूच घट्ट आणि बाजू निळी असेल तरच. नाहीतर वाळूची आणखी एक पिशवी.

नवी मांडणी पहिल्यांदा फेरीवर नेऊ नका. रविवारी रिकामा पंप बांधून आणि लाल बादलीत औषधाऐवजी पाण्याची बाटली ठेवून घरापासून बाजारापर्यंत जाऊन या. एक गतिरोधक, एक चढ, एक डावं वळण, एक अचानक ब्रेक. परत आल्यावर बादलीचं झाकण उघडून आतला वर्तमानपत्राचा बोळा कोरडा आहे का बघा. ओला असेल तर बूच बदला, वायसर बदला आणि पुन्हा जा. आमच्या एका सहकाऱ्याला तीन रविवार लागले. चौथ्या रविवारी बोळा कोरडा निघाला आणि तो त्याने मला आणून दाखवला.

संध्याकाळी औषध भांडारात जमा. सायकलसोबत घरी नेऊ नका, माळ्यावरसुद्धा नाही. लाल बादली साबणाने धुऊन ते पाणी गटारात किंवा विहिरीजवळ न ओतता पुढच्या फवारणीच्या द्रावणात वापरा. हातमोजे काढायच्या आधी बाहेरून धुवा, काढल्यावर हात पुन्हा धुवा. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका. बादल्या उलट्या टांगा, झाकणं वेगळी, म्हणजे रात्रभर निथळतील. आणि सकाळी सगळ्यात आधी त्यांच्यात डोकवा, कारण तळाशी राहिलेल्या बोटभर पाण्यात आपल्याच बादलीत अळ्या सापडल्याचा किस्सा आमच्या कार्यालयात अजून सांगतात.